खारपाणपट्ट्यातलं खापर

उत्खननात निघालेलं खापर स्वच्छ धुवा, सावलीत सुकवा, पिशवीत घालून कपाटात ठेवा. काही महिन्यांनी त्याच्यावर पांढरी पूड फुटते. जुन्या भिंतीला लोणा लागावा तशी. पुरातत्त्व शिकणाऱ्या एका ओळखीच्या मुलीनं हे सांगितलं आणि जाता जाता एक आकडा टाकला. नुकत्याच भाजलेल्या साध्या मातीत फॉस्फेट टक्क्याचा एखाद-दुसरा दशांश असतं; जमिनीतून निघालेल्या खापरात ते कित्येकदा एक टक्क्याच्याही वर जातं. एक टक्का म्हणजे काहीच नाही असं वाटतं खरं. पण भट्टीतून निघालं की भांडं झालं, असं आपण धरून चालतो. मग हा एक टक्का मागाहून आला कुठून?

म्हणून भोनला गेलो. बुलडाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यात, पूर्णेच्या काठावरचं गाव. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या बी. सी. देवतारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात इथे उत्खनन केलं. विटांचा स्तूप निघाला, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या सुमाराचा. भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून बांधलेल्या विहिरी निघाल्या. खापरं निघाली, हे वेगळं सांगायला नको. पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर ती आजही पायाखाली येतात.

उत्खननाच्या कामावर पूर्वी मजुरीनं गेलेल्या एक मावशी सोबत होत्या. खापरं धुण्याचं काम त्यांच्याकडे असायचं. टोपल्यातून घमेल्यात, ब्रश मारायचा, गोणपाटावर पसरायचं, चिठ्ठी हलू द्यायची नाही. चालता चालता त्यांनी एक तुकडा उचलला, पदरानं पुसला आणि सरळ जिभेला लावला.

"खारं हाय. तुमी पाहा लावून."

मी लावला. आधी तो जिभेला चिकटला, कारण कमी भाजलेलं खापर पाणी ओढून घेतं. मग चव आली. शास्त्रीय पद्धतीत हे बसत नाही, पण तेवढ्या वेळात दोन गोष्टी कळल्या : तुकडा सच्छिद्र आहे आणि त्या छिद्रांत मीठ आहे. तुकडा जागेवर ठेवला. ती चव मात्र चहा पिऊनही गेली नाही.

"आमचं पानीच तसं. डाय शिजत नाई, साबनाले फेस येत नाई," मावशी म्हणाल्या. "धुतानाबी तेच पानी घेत होतो मंग."

हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. अकोला, अमरावती, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला. गाळाच्या जाड थरांत मुरलेलं भूजल खारं. जमिनीत पडलेलं खापर दर पावसाळ्यात हे पाणी पितं आणि दर उन्हाळ्यात सुकतं. पाणी उडून जातं, क्षार आतच राहतात. स्फटिक वाढले की छिद्रांच्या भिंतींवर दाब येतो आणि वरचा तुळतुळीत लेप पापुद्र्यासारखा सुटतो. त्यात धुण्याच्या पाण्यातलं मीठ आणखी भरीला.

मिठाचं निदान समजतं तरी. चुन्याचं तेवढं सोपं नाही. काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतातच. पाण्यात विरघळलेला चुना खापराच्या छिद्रांत शिरून पुन्हा घट्ट होतो. ती पुटं काढायला सौम्य आम्ल वापरतात. खापर देखणं होतं, पण कुंभाराच्या मूळ मातीत चुना असेल तर तोही आम्लासोबत जातो. पुढे प्रयोगशाळेत कॅल्शियम मोजलं जातं. ते कुणाचं मोजलं? कुंभाराचं, जमिनीचं की साफसफाईचं?

आणि तो एक टक्का. पांढर म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, हाडं, खरकटं. त्यातलं फॉस्फेट पाण्याबरोबर खापरात उतरतं आणि तिथे लोह, कॅल्शियम यांच्याशी जुळून बसतं. शंका घ्यायला जागा आहे. कुंभार मातीत राख आणि लीद मिसळतात. तेव्हाच्या कुंभारानंही मिसळली असेल तर? यावर उपाय आहे. तुकडा आडवा कापायचा आणि कडेपासून गाभ्यापर्यंत जागोजागी मोजायचं. कडेला जास्त, गाभ्यात कमी निघालं तर ते बाहेरून आलेलं. सगळीकडे सारखं निघालं तर मात्र वाद तसाच राहतो, कारण कच्चं भाजलेलं खापर गाभ्यापर्यंत पाणी पितं.

भांडं कुठे घडलं हे ठरवताना अभ्यासक म्हणूनच सोडियम, फॉस्फरस, बेरियम यांच्यावर फार विसंबत नाहीत. स्कँडियम, थोरियम यांसारखी सहसा जागा न सोडणारी मूलद्रव्यं पाहतात. दख्खनमध्ये अडचण अशी की माती जवळजवळ सगळीकडे बेसाल्टचीच. दोन गावांच्या मातीतला फरक मुळात बारीक, त्यावर जमिनीनं दोन हजार वर्षं केलेली भर. "हे भांडं अमुक गावचं" असं ठामपणे लिहिलेलं वाचलं की मी आता आधी खापर कशानं धुतलं होतं ते शोधतो. बहुतेक वेळा ते लिहिलेलंच नसतं.

इथेच भोनच्या विहिरींची कडी उपयोगी पडतात. त्या विहिरी पिण्याच्या पाण्याच्या की सांडपाण्याच्या, याबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. पण एवढी अवजड, ठिसूळ कडी लांबून कुणी आणणार नाही. ती इथल्याच मातीची, हे जवळजवळ गृहीत धरता येतं. नदीकाठची तीच माती आज घ्यावी, भाजावी आणि कड्याच्या तुकड्याशी ताडून पाहावी. दोघांत जो फरक निघेल त्यातला बराचसा जमिनीचा हिशेब. तो कळला की मग बाकीच्या खापरांकडे वळावं.

त्याला वेळ किती, हा प्रश्न आहे. जिगाव धरणाच्या बुडीत क्षेत्रात ही जागा येते. बुडालेल्या जमिनीत ओला-कोरडा हा फेरा थांबतो, मातीतला प्राणवायू घटतो, लोह आणि मँगनीज विरघळून जागा बदलू लागतात. विटा आणि खापरं पेट्यांत भरून नेता येतात. पण खापर ज्या मातीत पडलं होतं ती मूठभर मातीही त्याच्याच पिशवीशेजारी, त्याच नंबरानं ठेवायला हवी. कड्यांचे निदान काही तुकडे तरी न धुता, चिकटलेल्या मातीसकट ठेवायला हवेत. मावशींना हे सांगितलं तर त्या हसल्या. त्यांना मजुरी मिळायची ती खापरं धुण्याची.