रुमालाखालचा भाव
माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडसारख्या गावांतला शेतकरी बैल घेऊन बाजारात गेला, की जुन्या रिवाजाचा सौदा तोंडाने नव्हे, हाताने होतो. दलाल आणि शेतकरी हातांवर रुमाल टाकतात. आत एक बोट धरले तर ते एक हजार की दहा हजार, हे बोलण्याच्या ओघात कळते. पाचही बोटे धरली की पाच. भोवतालच्या गर्दीला आकडा समजत नाही. पण बोटांवरचा दाब, हात सोडवून घेण्याची घाई, चेहऱ्यावरचा ताण यांतून समोरच्याची गरज मुरलेल्या दलालाला बरोबर उमगते. अडलेला शेतकरी नाडला जातो तो इथेच. शेतमालासाठी बाजार समित्यांत उघड लिलाव आला, तसा बैलाचा भावही चारचौघांत बोलला जायला हवा.