देव, शेजारी आणि आपण

पूर्ण माणूस कोणाला म्हणावे, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी बहुतेक जण म्हणतील, ज्याच्या हातून चूक होत नाही तो. ज्याचे वागणे धुतल्या तांदळासारखे, ज्याच्याकडे बोट दाखवायला जागा नाही, तो पूर्ण. ख्रिस्ती धर्माचे उत्तर थोडे निराळे आहे. त्या धर्माने पूर्णत्वाचे नाते निर्दोषपणापेक्षा प्रेमाशी अधिक जवळून जोडले आहे. आणि हे प्रेम नुसते देवावरचे नव्हे. देवावरचे आणि शेजाऱ्यावरचे, अशी दोन्ही मिळून एकच गोष्ट तो धर्म मानतो. हे असे का, आणि या प्रेमाने माणूस पूर्ण होतो म्हणजे नेमके काय होते, याचा थोडा विचार आज करू.

मूळ प्रसंग मार्काच्या शुभवर्तमानात आहे. एका शास्त्र्याने येशूला विचारले, की सर्व आज्ञांत मोठी आज्ञा कोणती? प्रश्न साधा नव्हता. यहूदी परंपरेने पुढे आपल्या धर्मशास्त्रातल्या आज्ञा मोजल्या तेव्हा त्या ६१३ भरल्या. एवढ्या आज्ञांतून एक निवडायची! येशूने एक मागितली असता दोन सांगितल्या, आणि दोन्ही जुन्याच होत्या.

पहिली अनुवाद नावाच्या ग्रंथातली. देव एकच आहे आणि माणसाने आपले सारे अंतःकरण, सारा जीव, सारे बळ एकवटून त्याच्यावर प्रेम करावे, असा तिचा आशय. धर्मनिष्ठ यहूदी माणूस हे वचन सकाळ-संध्याकाळ म्हणतो; त्याला 'शमा' असे नाव आहे. आपल्याकडे कोकणात शतकानुशतके राहिलेले बेने इस्राएल लोक, तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ज्यांना गावकरी 'शनवार तेली' म्हणत, ते हिब्रू भाषा जवळजवळ विसरून गेले होते. पण 'शमा' तेवढी त्यांच्या ओठांवर टिकून राहिली, असे त्यांची परंपरा सांगते. म्हणजे येशूने सांगितलेली पहिली आज्ञा मराठी मुलुखाला काही परकी नाही. ती आपल्या समुद्रकिनाऱ्यावर फार पूर्वीपासून ऐकू येत होती.

दुसरी आज्ञा लेवीय ग्रंथातली: शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करावे. ही आज्ञा तिथे कुठल्या संगतीत आली आहे ते पाहण्यासारखे आहे. त्याच अध्यायात सांगितले आहे, की शेताची कापणी करताना कडेकोपरे सोडून द्यावेत आणि सरवा वेचू नये, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्यावा. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये. आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये. वजने-मापे खरी ठेवावीत. प्रेमाची आज्ञा या सगळ्यांच्या शेजारी बसलेली आहे!

तत्त्वज्ञानाच्या वर्गात मुले एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, प्रेम काय हुकमाने करता येतं का?" प्रश्न खरा आहे. भावना हुकमाने येत नाही. परंतु सरवा शेतात सोडणे हुकमाने जमते. मजुरी संध्याकाळी चुकती करणे हुकमाने जमते. बायबलमधल्या या आज्ञेतले प्रेम हे पहिल्याने कृतीत उतरते. मनाचा उमाळा मागून आला तर येतो. नव्या करारात यासाठी 'अगापे' हा ग्रीक शब्द येतो. समोरच्याचे भले व्हावे म्हणून झिजण्याची तयारी, असा त्याचा अर्थ आपण मोकळेपणाने करू.

आता लूकच्या शुभवर्तमानाकडे वळू. तिथे असाच एक शास्त्री या दोन्ही आज्ञा स्वतःच म्हणून दाखवतो आणि मग विचारतो, "पण माझा शेजारी कोण?" म्हणजे प्रेमाची हद्द कुठवर, तेवढे सांगा. कुंपण कुठे घालायचे ते कळले, की आतल्यांवर प्रेम करायला आपण मोकळे! उत्तरादाखल येशूने एक गोष्ट सांगितली. ती बहुतेकांना ठाऊक असते, पण तिच्यातले तपशील आपण भरभर ओलांडून जातो.

यरुशलेमहून यरीहोला जाणारा रस्ता सुमारे पंचवीस किलोमीटरांचा. यरुशलेम डोंगरावर, तर यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली. म्हणजे हजार मीटरांचा उतार आणि दोन्ही बाजूंना ओसाड, उघडे डोंगर. अशा वाटेवर एका माणसाला लुटारूंनी मारून अर्धमेला टाकले. एक याजक आला, त्याने पाहिले आणि तो दुसऱ्या बाजूने निघून गेला. मंदिराच्या सेवेतला लेवी आला, त्यानेही तेच केले. ते का गेले याचे कारण कथेत दिलेले नाही. कोणी म्हणतात, सोवळे मोडेल ही धास्ती होती, कारण याजकाला परक्याच्या प्रेताचा स्पर्श वर्ज्य होता. पण हा याजक तर यरुशलेमहून खाली उतरत होता, म्हणजे मंदिराकडे पाठ करून चालला होता. तेव्हा सोवळ्याची सबबही फारशी टिकत नाही.

तिसरा आला तो शोमरोनी. यहूदी आणि शोमरोनी यांचे वैर जुने. देव एक, मोशेचे नियमशास्त्र एक, पण मंदिराची जागा कोणती यावर भांडण. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात यहूदी राज्यकर्त्यांनी शोमरोन्यांचे गरिझीम डोंगरावरचे मंदिर पाडले होते. भाऊबंदकीतले वैर किती कडवट असते, हे आपल्याला सांगायला नको. अशा शोमरोन्याला त्या जखमी माणसाचा कळवळा आला. इथे जे ग्रीक क्रियापद आहे ते आतड्यांच्या शब्दावरून आलेले आहे; मराठीत आपण "आतडं तुटलं" म्हणतो, अगदी तसे. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवले आणि उतारशाळेत नेले. दुसऱ्या दिवशी मालकाच्या हाती दोन दिनार ठेवले. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी.

गोष्ट संपल्यावर येशूने शास्त्र्याला विचारले ते असे, की या तिघांपैकी त्या जखमी माणसाचा शेजारी कोण ठरला? प्रश्नच उलटा झाला. "माझा शेजारी कोण" असे विचारून मी मध्यभागी बसतो आणि लोकांना जवळचे, लांबचे असे वाटून टाकतो. "मी कोणाचा शेजारी झालो" असे विचारले, की मध्यभागी तो पडलेला माणूस येतो. शेजारी हा शोधण्याचा विषय राहत नाही, होण्याचा विषय होतो.

इथे मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी सकाळी मी कॉलेजला निघालो होतो. नीतिशास्त्राचा तास होता, आणि विषय होता कर्तव्य. एस. टी. स्टँडच्या कोपऱ्यावर एक म्हातारा घेरी येऊन खाली बसलेला दिसला. धोतराला चिखल लागला होता, पिशवी बाजूला पडली होती. मी घड्याळात पाहिले. आठ मिनिटे उरली होती. कोणीतरी पाहील असे मनाशी म्हटले आणि रस्ता ओलांडून पुढे गेलो. तास चांगला झाला, मुलांनी टिपणे उतरून घेतली. पण बोलत असताना माझेच शब्द मला दुसऱ्या कोणाचे तरी वाटू लागले. बोलणारा एक आणि रस्ता ओलांडून गेलेला दुसरा, असे माझे दोन तुकडे झाले होते. दुसऱ्या दिवशी स्टँडवरच्या हमालाला विचारले तेव्हा तो म्हणाला, "ते बाबा व्हय? पाणी पाजलं, गुळाचा खडा दिला. मग दुपारच्या गाडीत बसवून दिलं, सर." जणू त्यात सांगण्यासारखे काही नव्हतेच!

पुढे एक प्रयोग वाचनात आला आणि जरा धीर आला, जरा लाजही वाटली. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन येथील धर्मशास्त्राच्या चाळीस विद्यार्थ्यांवर डार्ली आणि बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी केलेला हा प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना जवळच्या इमारतीत जाऊन भाषण करायचे होते. काहींचा विषय तर हीच शोमरोन्याची गोष्ट होती. वाटेत एक माणूस खोकत, कण्हत बसवून ठेवला होता. ज्यांना घाई नव्हती त्यांपैकी ६३ टक्के थांबले. ज्यांना थोडी घाई होती त्यांपैकी ४५ टक्के. आणि ज्यांना उशीर झाल्याचे सांगितले होते त्यांपैकी केवळ १० टक्के. भाषणाचा विषय कोणता आहे याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे प्रेमाचा विचार डोक्यात असणे पुरत नाही. पाय घाईत असले, की डोके मागे राहते.

मग दोन आज्ञा एकत्र का, याचे उत्तर इथे सापडू लागते. माणसाचे दुःख बरेचसे विखुरलेपणाचे आहे. एक मन पैशाकडे ओढते, एक मानाकडे, एक भीतीकडे. संत ऑगस्टीन (इ. स. ३५४ ते ४३०) यांनी आपल्या आत्मकथनात तारुण्याचे वर्णन याच प्रकारे केले आहे, की आपण अनेक गोष्टींत विखुरलो होतो आणि देवाने आपल्याला गोळा केले. पहिल्या आज्ञेतला 'सारे' हा शब्द म्हणून महत्त्वाचा. सारे अंतःकरण एका ठिकाणी लागले, की माणूस एकसंध होतो. पण हे एकसंध होणे खरे की मनाचा खेळ, हे कसे ओळखावे? त्याची कसोटी म्हणजे शेजारी. डोळ्यांसमोरच्या भावावर ज्याचे प्रेम नाही त्याने न दिसणाऱ्या देवावर प्रेम असल्याचे सांगू नये, असे योहानाच्या पत्रात फार स्पष्टपणे बजावले आहे. उलट बाजूही आहे. शेजाऱ्यावरचे प्रेम देवापासून तुटले, की त्यात उपकाराची ऐट शिरते, आभाराची अपेक्षा शिरते, आणि आभार न मिळाल्यास कडवटपणा येतो.

डोंगरावरील प्रवचनातही पूर्ण होण्याचा उपदेश आहे. तो कुठे येतो? वैऱ्यावर प्रेम करण्याचे सांगून झाल्यावर. देवाचा सूर्य भल्यांवर उगवतो तसाच वाइटांवर, पाऊस दोघांच्याही शेतात पडतो. तुमचे प्रेमही तसेच अवघे असू द्या, असा त्याचा भाव. तिथला ग्रीक शब्द 'तेलेइओस' हा पिकून पूर्णत्वाला आलेल्या गोष्टीलाही वापरत. डाग नसलेल्या कच्च्या फळापेक्षा एखादा डाग असलेले पिकलेले फळ त्या शब्दाच्या अधिक जवळचे आहे.

याचे उदाहरण आपल्याच भूमीत आहे. पंडिता रमाबाई (१८५८ ते १९२२) यांनी १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावली. पुढे इंग्लंडमध्ये असताना, समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनी त्यांनी पाहिल्या आणि विचारले, की तुम्ही हे का करता? तेव्हा त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा वाचून दाखवण्यात आली, असे रमाबाईंनी स्वतः लिहिले आहे. १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यावरून महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. त्या वादाचा निवाडा हा आजचा विषय नव्हे. आपल्याला पाहायचे ते पुढचे. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, उपाशी, निराधार मुलींना त्यांनी शोधून आणले आणि केडगावच्या मुक्ती सदनात शेकडो मुलींचा संसार उभा राहिला. त्या मुलींमध्ये त्यांना आपलेच दुष्काळातले दिवस दिसत होते. त्याच सदनात बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून बायबल मराठीत आणले. एका छपराखाली देवाच्या ग्रंथाचे काम आणि मुलींच्या भाकरीचे काम. रमाबाईंची जखम पुसली गेली असे म्हणता येणार नाही. परंतु ती जखमच दुसऱ्यांच्या घरात शिरण्याची वाट झाली. पूर्णत्व म्हणतात ते बहुधा असेच असते.

शेवटी एका शंकेचे उत्तर दिले पाहिजे. असे सगळ्यांचे करत बसलो तर आपले काय उरेल? तिथेही गोष्टीचा तपशील मदतीला येतो. शोमरोनी दुसऱ्या दिवशी आपल्या वाटेने निघून गेला. उतारशाळेच्या मालकावर त्याने काम सोपवले, जास्तीचा खर्च परत येताना देईन म्हणाला. त्याने आपला प्रवास सोडला नाही. आज्ञेतही 'स्वतःसारखे' असा शब्द आहे; स्वतःला पुसून टाकून, असा नाही. सगळ्या जगाचा भार कोणी आपल्यावर टाकलेला नाही. वाटेत जो पडला आहे तेवढ्यापुरते थांबायचे आहे.

थांबायला मात्र वेळ लागतो. त्या सकाळी माझ्याजवळ धर्माचे ज्ञान कमी नव्हते, वेळ कमी होता. म्हणून अलीकडे मी घरातून दहा मिनिटे आधी निघतो. बहुतेक दिवशी ती दहा मिनिटे कोणाच्याच उपयोगी पडत नाहीत. मी स्टँडवरच्या बाकावर बसून राहतो, हमाल ओळखीचे हसतो. एखाद्या दिवशी मात्र त्यांची गरज पडते.