गाडीच्या एसीत घरी गॅस भरण्याआधी

उन्हाळा तापला की गाडीच्या एसीचं कूलिंग कमी झाल्याची तक्रार सुरू होते आणि निदानही ठरलेलं असतं: ‘गॅस संपलाय, भरून घ्या.’ हल्ली ते घरीच उरकण्याची सोय झाली आहे. आर-१३४ए गॅसचा छोटा डबा, नळी आणि गेज ऑनलाइन मिळतं. कृती दाखवणारे व्हिडिओही ढिगाने आहेत. पण पेट्रोलसारखा हा गॅस वापरून संपत नाही. कॉम्प्रेसर, कंडेन्सर आणि कूलिंग कॉइल यांच्या बंद चक्रात तोच तो फिरत राहतो. रबरी नळ्या आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, हे खरं. मात्र गेल्या उन्हाळ्यात भरलेला गॅस या उन्हाळ्यात उरला नसेल, तर ती उघड गळती आहे. ती न शोधता नवा गॅस भरला, तर तोही त्याच वाटेने जाणार.

त्याहून मोठी अडचण गेजची आहे. गेज दाब सांगतं, गॅस किती आहे ते सांगत नाही. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये थोडा तरी द्रव शिल्लक असेपर्यंत दाब जवळपास तेवढाच राहतो. म्हणून तर तो किती उरला हे वजनावरून पाहावं लागतं. एसीतही तसंच. इंजिन बंद असताना ३० अंश तापमानाला आर-१३४एचा दाब साधारण ९७ पीएसआय असतो, मग आत २०० ग्रॅम गॅस असो की ४००. एसी चालू केल्यावर खालच्या दाबाचा काटा बाहेरची हवा, इंजिनचे फेरे आणि पंख्याचा वेग यांच्यानुसार हलतो. त्यामुळे काटा हिरव्या पट्ट्यात आला म्हणजे गॅस पुरेसा झाला, असा अर्थ काढता येत नाही. छोट्या गाडीत एकूण गॅस अर्धा किलोच्या आतबाहेर असतो. तिथे शंभर ग्रॅमची चूकही भारी पडते. गॅस जास्त झाला की कंडेन्सरमध्ये द्रव साचतो, दाब चढतो आणि कूलिंग उलट घटतं. ते पाहून माणूस आणखी गॅस सोडतो. शिवाय नळीतली हवा आणि ओल आत गेली, तर ऑइलमध्ये आम्ल तयार होतं आणि ते धातू खातं.

यावर कोणी म्हणेल, अमेरिकेत तर असे डबे दुकानात सर्रास मिळतात. मिळतात, पण कॅलिफोर्नियात त्यांना आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह सक्तीचा आहे आणि रिकामा डबा परत यावा म्हणून अनामत घेतली जाते. कारण हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट उष्णता धरतो. ४०० ग्रॅम हवेत गेला, तर जवळपास २५० लिटर पेट्रोल जाळल्याइतकं नुकसान. दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे: अनेक गॅरेजवालेही अंदाजानेच भरतात, मग त्यांना पैसे का द्यायचे? अशांना देऊच नयेत. योग्य काम म्हणजे उरलेला गॅस मशीनने काढून घेणं, गळती शोधून दुरुस्त करणं, अर्धा तास व्हॅक्यूम लावून तो टिकतो का पाहणं आणि मग बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेले ग्रॅम वजन करून भरणं. हे काम घरच्या डब्याने होत नाही.

घरी करण्याजोगं मात्र बरंच आहे, आणि कित्येकदा दोष तिथेच सापडतो. ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर धुळीने गच्च झाला असेल, तर गार हवा आत येतच नाही. रेडिएटरपुढच्या कंडेन्सरच्या जाळीत किडे, पानं, चिखल अडकलेला असतो. तो पाण्याच्या हलक्या धारेने धुवावा. एसी लावल्यावर पुढचा पंखा फिरतो का, तेही पाहावं. पाइपच्या जोडांवर तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला, तर गळती बहुधा तिथेच आहे. गॅसबरोबर ऑइलही बाहेर येतं. तो डाग मेकॅनिकला दाखवा, ‘किती ग्रॅम निघाला आणि किती भरला?’ असं विचारा आणि दोन्ही आकडे बिलावर लिहून घ्या.