अर्जुनाचे बाण किती?

अपूर्णांकांची बेरीज बिनचूक करणारा मुलगा शाब्दिक उदाहरण आले की अडतो आणि विचारतो, "सर, यात बेरीज करायची की गुणाकार?" त्याला आकडे समजलेले असतात, पण उदाहरणात काय घडते आहे ते डोळ्यांसमोर येत नाही. गोष्ट नेमकी इथे मदतीला येते.

ही रीत आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास 'लीलावती' लिहिली. त्यातले एक उदाहरण तर कॅडेट्सनी सोडवायलाच हवे. कर्णाशी लढताना अर्जुनाने काही बाण घेतले. निम्म्या बाणांनी त्याने कर्णाचे बाण अडवले. एकूण बाणांच्या वर्गमुळाच्या चौपट बाण घोड्यांवर सोडले. सहा बाण शल्यावर. छत्र, ध्वज आणि धनुष्य यांवर मिळून तीन. आणि शेवटच्या एका बाणाने कर्णाचा शिरच्छेद केला. तर एकूण बाण किती?

सहावीचा कॅडेट हे अंदाजाने सोडवू शकतो. वर्गमूळ घ्यायचे आहे, म्हणून संख्या पूर्ण वर्ग हवी. निम्मे करायचे आहेत, म्हणून सम हवी. ६४ घेऊन पाहा: ३२ + ३२ + १० = ७४. बाण कमी पडले. १४४ घेतले तर १३० लागतात, १४ उरतात. १०० घेतले, तर ५० + ४० + १० = १००. भाता बरोबर रिकामा होतो! दहावीचा कॅडेट वर्गमुळाला 'य' मानून य² − ८य − २० = ० हे वर्गसमीकरण मांडेल. य = १० किंवा −२. यातले −२ का सोडायचे, हे त्याला गोष्टच सांगते.

मात्र नुसती नावे घालून गोष्ट होत नाही. 'रामूकडे ५ आंबे होते' यात रामूच्या जागी श्यामू आला तरी काही बिघडत नाही. आकडेमोड केल्याशिवाय गोष्ट पुढे सरकू नये, ही खरी कसोटी.

आपल्या बेंगळुरूच्या 'प्रथम बुक्स'ने काढलेले रूपा पै यांचे एक चित्रपुस्तक या कसोटीला उतरते. मुत्तज्जी म्हणजे पणजी. तिचे वय कोणालाच नक्की ठाऊक नाही. पुट्टा आणि पुट्टी ही जुळी भावंडे तिच्या आठवणी इतिहासातल्या घटनांशी जुळवत ते शोधून काढतात. इथे वजाबाकी केली नाही, तर वय सापडतच नाही. मराठीत वाचायचे असेल, तर मंगला नारळीकर यांचे 'गणितगप्पा' आहे.

पालकांना एक विनंती. लहान मुलांना असे पुस्तक वाचून दाखवताना उत्तराचे पान उलटण्याआधी थांबा. "तुला काय वाटतं?" असे विचारा. मुलाला चित्र काढू द्या, काड्या मांडू द्या. चुकले तर लगेच दुरुस्त करू नका. "मोजून बघू या" म्हणा.

आणि कॅडेट्सनो, सुट्टीत घरी गेलात की धाकट्या भावंडांना घेऊन आजीजवळ बसा. तिच्या लग्नाच्या वेळी गावात वीज होती का, एस.टी. येत होती का, ते विचारा. मग तिच्या लग्नाचे वर्ष काढा. कागदावर आधी गोष्ट लिहा, आकडे नंतर.