गॅरी : भट्ट्या पेटत्या, घरे ओस

अमेरिकेच्या इंडियाना राज्यात, मिशिगन सरोवराकाठच्या वाळूच्या टेकड्या सपाट करून यू. एस. स्टील कंपनीने १९०६ मध्ये हे शहर वसवले. नावही कंपनीचे अध्यक्ष एल्बर्ट गॅरी यांचेच. १९६० मध्ये लोकसंख्या होती १,७८,३२०; २०२० च्या जनगणनेत उरली ६९,०९३.

पोलादाचा धंदा बसला म्हणून शहर बसले, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे. गॅरी वर्क्स हा कारखाना आजही चालू आहे; मात्र जिथे एकेकाळी तीस हजारांच्या घरात कामगार होते, तिथे आता काही हजारांत भागते. यंत्रे आली, परदेशी पोलाद आले. दुसरे कारण वर्णद्वेषाचे, आणि ते वगळून ही हकिकत सांगणे अन्यायाचे ठरेल. १९६७ मध्ये रिचर्ड हॅचर हे कृष्णवर्णीय महापौर निवडून आले. गोऱ्या कुटुंबांचे आधीच सुरू झालेले स्थलांतर आणखी वाढले. १९७१ मध्ये दक्षिणेला मेरिलव्हिल हे स्वतंत्र गाव झाले. दुकाने तिकडे गेली, पाठोपाठ कराचे उत्पन्नही.

सिटी मेथडिस्ट चर्च १९२६ चे, पोलाद कंपनीच्या भरघोस देणगीतून उभे राहिलेले. १९७५ मध्ये बंद पडले, १९९७ च्या आगीत होरपळले. छत कोसळले, आत झाडे वाढली. दगडी कमानी तेवढ्या शाबूत. हौशी छायाचित्रकार इथे गर्दी करतात. पण गॅरीला ‘भुतांचे शहर’ म्हणणे चूक आहे : इथे हजारो कुटुंबे राहतात, आणि शेजारची पडीक घरे कधी पाडणार, हा त्यांचा रोजचा प्रश्न आहे.