मेणात मोगरा किती?

विक्रमगड-जव्हार-डहाणू पट्ट्यातला मोगरा पहाटे कळी असतानाच तोडला जातो आणि मुंबईकडे, दादरच्या फूलबाजारात जातो. मूठभर कळ्या ताटलीत ठेवल्या तरी घर दरवळते. तेवढाच दरवळ मेणबत्तीतून यावा म्हणून घरी मेणबत्त्या करणारी व्यक्ती पहिल्या खेपेला हमखास सढळ हाताने सुगंधी तेलाची बाटली उपडी करते. मग वात धुमसते, मेणावर तेलाचे थेंब जमतात, ग्लास काळा होतो आणि वास येतच नाही. डहाणू-तलासरीत घरगुती मेणबत्त्या करून चिकू महोत्सवात, जत्रेत किंवा नाताळात विकू पाहणाऱ्यांनी सुगंधी तेलाचे प्रमाण कसे ठरवावे, त्याची ही पद्धत.

जास्त तेलाने वास का घटतो?

पेटलेल्या मेणबत्तीत ज्योतीच्या उष्णतेने मेण वितळते, वातीतून वर चढते, त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. वातीतून चढलेले सुगंधी तेलही जळूनच जाते. खोलीत पसरणारा वास येतो तो मुख्यतः वातीभोवती साचलेल्या वितळलेल्या मेणाच्या तळ्यावरून. तळे जितके पसरट आणि गरम, तितका वास मोकळा. तेल प्रमाणाबाहेर गेले की वातीला ते ओढवत नाही. ती चोंदते, ज्योत बारीक होते, तळे आक्रसते आणि वासही मंदावतो. म्हणून तेल आणि वात यांचा हिशेब एकत्रच मांडावा लागतो.

चमचा नको, वजनकाटा हवा

सगळी सुगंधी तेले सारखी जड नसतात. एका चमच्यात मोगऱ्याचे तेल जितके ग्रॅम भरेल तितकेच चंदनाचे भरेल असे नाही. त्यामुळे १ ग्रॅमपर्यंत, जमल्यास ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा इलेक्ट्रॉनिक काटा घ्यावा.

टक्केवारी मेणाच्या वजनावर काढतात. १५० ग्रॅम मेणाला ६ टक्के म्हणजे ९ ग्रॅम तेल. काहीजण तीच टक्केवारी मेण आणि तेलाच्या एकूण वजनावर धरतात, तेव्हा आकडा थोडा बदलतो. दोन्हींपैकी एक रीत निवडावी आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. बहुतेक मेणांना ६ ते १० टक्के तेल झेपते. नेमकी मर्यादा मेण विकणाऱ्याकडून विचारून घ्यावी आणि ती ओलांडू नये.

तेलासोबत कधी आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेच्या, म्हणजे इफ्राच्या नियमांनुसार दिलेले प्रमाणपत्र येते. मेणबत्त्या त्यातल्या १२ व्या वर्गात मोडतात. तिथे १०० टक्के छापलेले दिसले तरी हुरळून जाऊ नये. तो आकडा माणसाच्या सुरक्षिततेचा आहे, मेणाला किती तेल पेलते याचा नव्हे.

पाच ग्लास, एकच फरक

एकाच मापाचे पाच काचेचे ग्लास, एकाच गठ्ठ्यातले मेण आणि एकाच जाडीच्या वाती घ्याव्यात. प्रत्येकी १५० ग्रॅम मेण धरून तेल असे घालावे:

- पहिला: ० ग्रॅम (तुलनेसाठी साधी मेणबत्ती)
- दुसरा: ६ ग्रॅम (४ टक्के)
- तिसरा: ९ ग्रॅम (६ टक्के)
- चौथा: १२ ग्रॅम (८ टक्के)
- पाचवा: १५ ग्रॅम (१० टक्के, मेणाला पेलत असेल तरच)

तेल सोडून बाकी काहीही बदलायचे नाही. तेल बदलले, वातही बदलली आणि वास वाढला, तर श्रेय कोणाला द्यायचे ते कळत नाही. साधी मेणबत्तीच नीट जळत नसेल तर दोष वातीत आहे. आधी ती बदलावी, मग तेलाकडे वळावे.

वितळवणे आणि ढवळणे

पातेल्यात पाणी तापवून त्यात स्टीलचे भांडे ठेवून मेण वितळवावे, थेट आचेवर नको. सोया मेण साधारण ८० ते ८५ अंश सेल्सिअसला आणून गॅस बंद करावा, मग तेल घालून दोन मिनिटे सावकाश ढवळावे. फेटायचे नाही, बुडबुडे राहतात. थंड मेणात घातलेले तेल नीट मिसळत नाही, तळाशी बसते. मेणाने पेट घेतलाच तर पाणी ओतू नये. गॅस बंद करून भांड्यावर घट्ट झाकण ठेवावे.

मुरू द्या

लोणच्यासारखीच मेणबत्तीही मुरावी लागते. पॅराफिनच्या मेणबत्तीला तीन-चार दिवस, सोया मेणाला एक ते दोन आठवडे द्यावेत. दुसऱ्याच दिवशी पेटवून वास येत नाही म्हणून पुढच्या खेपेला तेल वाढवणे ही नवख्यांची नेहमीची चूक.

जाळून पाहणे

वात ५ मिलिमीटर ठेवून कापावी. मेणबत्ती वजन करून पेटवावी आणि चार तासांनी विझवून, थंड झाल्यावर पुन्हा वजन करावे. २० ग्रॅम घटले तर ताशी ५ ग्रॅम मेण जळले. या हिशेबाने १५० ग्रॅमची मेणबत्ती ३० तास चालेल, म्हणजे सात-आठ बैठका. त्या सगळ्या पार पाडाव्यात, कारण ग्लास सर्वात जास्त तापतो तो शेवटी. तळाशी १ सेंटिमीटर मेण उरले की थांबावे.

प्रत्येक बैठकीला वहीत लिहावे: तळे काचेपर्यंत पोचले का, ज्योत फडफडते का, वातीच्या टोकाला काजळीचा गोळा धरतो का, काच काळवंडते का, पृष्ठभागावर तेल सुटते का. जास्त तेलाची चाहूल वासाआधी याच खुणा देतात.

नाक उसने घ्या

दिवसभर तेलात वावरलेल्या नाकाला वास लागत नाही. म्हणून ग्लासांवर टक्केवारी न लिहिता क, ख, ग अशी अक्षरे लिहावीत आणि बाहेरून आलेल्या तिघांना पाचपैकी गुण द्यायला सांगावे. खोली तीच, दार बंद, पंखा बंद, मेणबत्ती पेटून एक तास झालेला. दोन ग्लासांच्या मध्ये खोलीत वारा खेळू द्यावा. निवडलेली मेणबत्ती नंतर पंखा लावून, खिडकी उघडूनही तपासावी. डहाणूच्या किनाऱ्यावर संध्याकाळी खिडक्या मिटून कोण बसते?

खरी फुले आणि चिकूचा इसेन्स

घरचाच मोगरा मेणात घालावा, असे इथे अनेकांच्या मनात येते. ताज्या फुलात पाणी असते, त्याने ज्योत तडतडते. सुकलेली पाकळी तळ्यात तरंगत वातीपाशी आली की स्वतःच पेटते. खाण्याचे पाण्यातले इसेन्स मेणात मिसळतच नाहीत. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या घोलवडच्या चिकूच्या नावाने मेणबत्ती करायची असेल, तर मेणबत्तीसाठीच बनवलेले तेल घ्यावे. अशा गोड वासांच्या तेलात व्हॅनिलिन असले तर पांढरे मेण काही दिवसांत तपकिरी पडते. वास बिघडत नाही. चिकूला तो रंग शोभतो, मोगऱ्याला शोभत नाही.

मातीचे भांडे आणि ऊन

वारली चित्रे काढलेल्या मातीच्या वाट्यांत मेण ओतले की देखणे दिसते. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे जगभर पोचलेली ही कला याच भागातली. पण बिनझिलईची माती पणतीसारखी तेल पिते. बाहेरून डाग उमटतात आणि चित्र खराब होते. आतून झिलई असलेले भांडेच घ्यावे आणि चाचणी त्यात नव्याने करावी. काचेत जमलेले प्रमाण मातीत चालेल असे धरून चालू नये.

उन्हाची परीक्षाही घ्यावी. चैत्रात डहाणूच्या महालक्ष्मीच्या जत्रेत मेणबत्त्या मांडायच्या तर एक ग्लास आधी दुपारभर पत्र्याच्या छपराखाली ठेवून पाहावा. वर घामासारखे तेल सुटले तर प्रमाण एक पायरी खाली आणावे.

कुठे थांबायचे?

समजा ६ टक्क्यांच्या ग्लासाला तिघांनी चार-चार गुण दिले आणि ८ टक्क्यांनाही तेवढेच. मग ६ वर थांबावे. एका मेणबत्तीमागे ३ ग्रॅम, शंभर मेणबत्त्यांमागे ३०० ग्रॅम तेल वाचले. किलोला २००० रुपयांचे तेल असेल तर ६०० रुपये. शिवाय काच स्वच्छ राहिली. पुढच्या गठ्ठ्याचे मेण किंवा तेल बदलले की मात्र वहीचे नवे पान उघडावे आणि पुन्हा पाच ग्लास मांडावेत.