टेलिव्हिजनचें कार्ड व लिनक्स : दोष कोठें शोधावा?

संगणकांत बसविलेलें एकादें कार्ड चालेनासें झालें, म्हणजे तें बिघडलें असें ठरवून मोकळें होण्याकडे मनुष्याची प्रवृत्ति असते. ह्या घाईमुळें पुष्कळ वेळां निर्दोष वस्तु अडगळींत जाते. असा प्रसंग कसा टाळावा, हें एका प्रत्यक्ष उदाहरणानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हॉपॉग कंपनीचें ‘विनटीव्ही नोव्हा-टी ५००’ हें दोन ट्यूनरांचें कार्ड ब्रिटनांतील डिजिटल प्रसारण घेण्यासाठीं वापरीत. लिनक्स प्रणालींत तें चालण्यास दोन गोष्टी लागतात. पहिली ड्रायव्हर, म्हणजे कार्डाशीं व्यवहार करणारा कर्नेलचा भाग. दुसरी फर्मवेअर, म्हणजे खुद्द कार्डावरील चिपनें पाळावयाच्या आज्ञांचा संच. वीज गेली कीं ह्या आज्ञा चिपमधून पुसल्या जातात. म्हणून ड्रायव्हरास त्या पुनः पुरवाव्या लागतात. कर्नेलचा मूळ मजकूर सर्वांस खुला असतो. फर्मवेअरचा मात्र निर्माते बहुधा देत नाहींत. ह्यास्तव तें वेगळें ठेवण्याची चाल पडली. डेबियनच्या अधिकृत स्थापना-संचांत असें फर्मवेअर २०२३ सालच्या १२ व्या आवृत्तीपासून येऊं लागलें. ड्रायव्हर हजर व फर्मवेअर गैरहजर, अशी स्थिति म्हणूनच उद्भवते.

आतां शोधाचा क्रम पाहूं. प्रथम, कार्ड संगणकास दिसतें काय? हें कार्ड पीसीआय खांचेंत बसत असलें, तरी ‘एलएसपीसीआय’ ह्या आज्ञेनें केवळ व्हिया कंपनीचा यूएसबी नियंत्रक दिसतो. कारण ट्यूनर त्या नियंत्रकाच्या मागें यूएसबीनें जोडलेले आहेत. म्हणून ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा द्यावी. २०४०:९९४१ किंवा २०४०:९९५० हा क्रमांक आढळल्यास कार्ड ओळखलें गेलें असें समजावें.

दुसरें, कर्नेलनें काय लिहून ठेविलें आहे? ‘डीमेसेग’ ह्या आज्ञेनें त्याची रोजनिशी वाचावी. कार्ड ‘कोल्ड’ स्थितींत सांपडलें, पण फर्मवेअरची फाइल मिळाली नाहीं, असें तींत असेल तर कार्डास दोष देऊं नये. ‘डीव्हीबी-यूएसबी-डिब०७००-१.२०.एफडब्ल्यू’ ही फाइल ‘/लिब/फर्मवेअर’ येथें ठेवावी. नांवांत एका अक्षराचाही फरक नसावा. मग संगणक बंद करून विजेची तार काढावी. नुसत्या पुनरारंभानें कार्डाची वीज तुटत नाहीं, आणि आधींचें फर्मवेअर टिकून राहिल्यास परीक्षा निरर्थक होते. पुढें ‘वॉर्म’ हा शब्द उमटला व ‘/डेव्ह/डीव्हीबी’ खालीं दोन ॲडॉप्टर आले, म्हणजे काम झालें.

तिसरें, ॲन्टेनाकडून लहरी पुरेशा येतात काय? त्या क्षीण असल्यास ड्रायव्हराच्या ‘फोर्स_एलएनए_ॲक्टिव्हेशन=१’ ह्या पर्यायानें कार्डावरील प्रवर्धक चालू करितां येतो.

दोष व मर्यादा ह्यांतील भेदही ओळखावा. हें कार्ड डीव्हीबी-टी पद्धतीचें आहे. २००९ सालीं ब्रिटनांत सुरू झालेलें डीव्हीबी-टी२ प्रसारण त्यास कोणत्याही फर्मवेअरानें घेतां येणार नाहीं. २०१६ सालीं दूरदर्शननें मुंबईंत टी२ पद्धतीच स्वीकारिली. तेव्हां आपल्याकडे असें कार्ड घेणारानें हें आधींच पाहावें.

विद्यार्थिमित्रहो, ह्या तीन प्रश्नांचा क्रम मोडूं नका. पहिल्याचें उत्तर मिळाल्यावांचून तिसऱ्याकडे धांवणारा ॲन्टेना बदलीत बसतो, आणि उणीव मात्र एका फाइलीची असते.